अर्ध्या गुणाला एक केक

डौवे बाउस्माला या व्यवहारात जास्तीत जास्त तीन केक मिळायचे होते. हिस्केने तो हिशेब आधीच करून ठेवला होता. तिची मुलगी फेन्ना गणितात दहापैकी चारवर अडकली होती, वरच्या वर्गात जायला साडेपाच लागत होते, आणि अर्ध्या गुणाच्या चढीला एक सफरचंदाचा केक असा दर ठरला होता. चारपासून साडेपाचपर्यंत अर्ध्या गुणाच्या पायऱ्या तीन. शहरातल्या शिकवणीवाल्यांची फी ऐकून आल्यापासून हिस्केला तीन केक म्हणजे फुकटच वाटत होते.

डौवे तिचा शेजारी. पाणी मंडळाच्या उपसा केंद्रावर अडतीस वर्षं त्याने सकाळ-संध्याकाळ कालव्याची पातळी मोजून नोंदवली, आणि एकदाही खोटा आकडा लिहिला नाही, हे तो न विचारता सांगत असे. बायको गेल्यापासून घरात केक झाला नव्हता. आणि हिस्केच्या घरी पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळे. दुसऱ्यासाठी हात पुढे होण्याआधी डबा बंद होई. त्या घरातून अख्खा केक बाहेर येणार म्हटल्यावर डौवेने गणितच काय, शिवणकामही शिकवलं असतं.

पद्धत त्याचीच. दर शनिवारी वीस गणितं, प्रत्येकाला अर्धा गुण. आलेखाचा कागद हिस्केच्या फ्रिजवर, आणि त्यावर निळ्या पेन्सिलीचा ठिपका. खाली त्याने नियम लिहून ठेवला: मागच्या शनिवारपेक्षा गुण वर, तर केक. हिस्केने एक पुरवणी जोडली की उडी कितीही मोठी असो, एका शनिवारी केक एकच, कारण ओव्हन एकच आहे. गुण खाली आले तर काय, हे कुणालाच सुचलं नाही. मुलीला वर न्यायचं ठरलं होतं, खाली जायला ती स्वतः समर्थ होती.

पहिले तीन शनिवार व्यवहार सरळ चालला. साडेचार, पाच, साडेपाच. तीन केक आले. केक डौवेचा, पण तो कापताना फेन्ना समोर असे आणि डौवे काही राक्षस नव्हता. त्यामुळे अर्धा केक तिच्या पोटात जाई. हिस्केने मनातल्या मनात वही मिटली होती. पण शाळेच्या परीक्षेला अजून दोन महिने होते, तोवर घडी मोडायला नको म्हणून तिने शिकवणी चालू ठेवली.

चौथ्या शनिवारी फेन्नाला सर्दी झाली आणि ठिपका पाचावर उतरला. पाचव्याला तो पुन्हा साडेपाचवर गेला. डौवेने नियमावर बोट ठेवलं, हिस्केने दोनदा वाचून पाहिला आणि मुकाट्याने सफरचंदं सोलायला घेतली. फेन्ना मात्र त्या दिवशी आलेखासमोर बराच वेळ उभी होती. मुलगी अभ्यासाला लागली, असं आईला वाटलं. ते खरंही होतं.

सहाव्या शनिवारी पाच. सातव्याला साडेपाच, केक. आणि आठव्या शनिवारी दीड.

डौवेने चष्मा पुसून पेपर पुन्हा तपासला. मग पेन्सिल खाली ठेवली.

"फेन्ना, सतरा उत्तरं चुकलीयत. आणि सतराच्या सतरा बरोबर सातने."

"सात लक्षात ठेवायला सोपा पडतो, डौवेकाका."

"म्हणजे खरं उत्तर तुला येतं."

"आल्याशिवाय सातने चुकवणार कसं?"

मग तिने त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि शिकवणाऱ्याने शिकवावं तसं सांगितलं. चढायला केक आहे, उतरायला दंड नाही. साडेपाचवरून दहापर्यंत नऊच पायऱ्या, दीडवरून सतरा. पातळी एकदा तळाला नेली की दर शनिवारी अर्धा-अर्धा वर, आणि दहावर पोचलं की पुन्हा तळाला. डौवेने ऐकून घेतलं. अडतीस वर्षांची इभ्रत एका पारड्यात होती, दालचिनीचा वास दुसऱ्यात. शेवटी तो म्हणाला की पाणी कुठवर आलंय ते लिहिणं एवढंच आपलं काम. ते का आलं हे विचारण्याची मंडळाने त्याला कधी मुभा दिली नव्हती. आणि त्याने दीडवर ठिपका दिला.

हिस्केने तो ठिपका पाहिला आणि खुर्चीत बसली. मुलीला तिने आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, मग कानांच्या. दोन्ही ठिकाणी मुलगी ठणठणीत निघाली, म्हणजे दोष डोक्यात, असा तिने अर्थ लावला. तिने आलेखाचा फोटो काढून गणिताच्या फेल्टहाउस बाईंना पाठवला आणि लिहिलं की पोरीला हे झेपत नाही, सोप्या अभ्यासक्रमाच्या खालच्या शाखेत घालता आलं तर बघा. बाईंनी उलट कळवलं की वार्षिक परीक्षा होऊ द्या, मग ठरवू. फेन्नाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती नवव्या शनिवारी दोन, दहाव्याला अडीच, अकराव्याला तीन अशी शिस्तीत चढत होती, आणि हिस्के दर वेळी डोळे पुसत केक भाजत होती.

पुढच्या मंगळवारी वार्षिक परीक्षा झाली. तिथे केक नव्हता, त्यामुळे फेन्नाने गणितं नुसती सोडवून टाकली. साडेनऊ मिळाले. दुर्दैवाने शेजारच्या बाकावर वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा होता, आणि त्यालाही साडेनऊच होते.

बाईंनी आईला बोलावलं. आईने डौवेला बरोबर घेतलं, कारण आलेख त्याचा. वर्गात चौघं बसली. बाईंनी टेबलावर परीक्षेचा पेपर ठेवला आणि शेजारी फोनमधला, आईने शनिवारी पाठवलेला आलेखाचा ताजा फोटो. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की शनिवारी तीन आणि मंगळवारी साडेनऊ, या दोहोंतला एक आकडा खोटा आहे. नक्कल ठरली तर गणितात एक गुण, आणि एक गुण म्हणजे हेच वर्ष पुन्हा. फेन्नाचा चेहरा पांढरा पडला. दोन महिने तिने सगळं मोजलं होतं, हे सोडून.

"श्री. बाउस्मा," बाई म्हणाल्या, "तुमचा आलेख बरोबर आहे का?"

बरोबर म्हणावं तर पोरगी चोर ठरते. चूक म्हणावं तर अडतीस वर्षं पाण्यात. डौवेने खिडकीबाहेर पाहिलं. तिथे मदतीला काही नव्हतं.

"पातळी बरोबर आहे, बाई," तो म्हणाला. "पण कालव्याचं दार आम्ही हाताने धरून ठेवलं होतं. केकसाठी."

हिस्के गर्रकन त्याच्याकडे वळली. बाईंचा मात्र विश्वास बसला नाही. असलं कारण त्यांनी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तेव्हा फेन्नाच बोलली.

"दुसरा पेपर द्या, बाई. आणि किती गुण हवेत ते सांगा."

"किती म्हणजे?"

"तुम्ही म्हणाल तेवढे."

बाईंनी कपाटातून वीस गणितांचा पेपर काढला, थोडा विचार केला आणि साडेसहा म्हणाल्या. फेन्नाला तासाभराची मुदत होती, तिने अर्धा तास घेतला. बाई तपासत गेल्या. तेरा बरोबर. सात चूक, सातही सातने. त्यांनी पेपर दोनदा उलटून पाहिला.

"साडेनऊ मिळवणारी मुलं मी पुष्कळ पाहिलीयत," त्या हळूच म्हणाल्या. "मागितले तेवढे मिळवणारी ही पहिलीच."

साडेनऊ कायम राहिले. खालच्या शाखेचं नाव पुन्हा निघालं नाही.

घरी येताना हिस्के सायकलीवर सगळ्यांच्या पुढे होती. डौवे मागून येत होता. पोरगी पास झाली या आनंदात आपलं नाव निघणार नाही, अशी त्याला आशा होती. तीन ठरले होते आणि आठ पदरात पडले होते, म्हणजे तोंडाने माफी मागायची आणि पोटाने नफ्यात राहायचं, इतपत त्याने ठरवलं होतं. पण हिस्केने दोघांना स्वयंपाकघरात बसवलं, फ्रिजवरचा आलेख काढून टेबलावर पसरला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"शनिवार अकरा. तीनदा खाली आलात, म्हणून केक आठ. त्यातला सर्दीचा एक मी सोडून देते. पण बाकीचे शनिवार ही सरळ अर्धा-अर्धा चढली असती तर साडेआठवर पोचली असती, आणि केक किती झाले असते, डौवे?"

डौवेने मोजलं. मग फेन्नाने मोजलं. दोघांचं उत्तर एकच आलं, आणि या वेळी ते सातने चुकलेलं नव्हतं.

"दहा," फेन्ना म्हणाली.

"सतरा पायऱ्यांच्या नादात परीक्षेला चारच शनिवार उरलेत हे दोघांनी बघितलं नाहीत. चार शनिवारांना चार पायऱ्या पुरतात, त्या साडेपाचच्या वर होत्याच. खाली कशाला गेलात?"

त्या शनिवारी हिस्केने नववा केक भाजला आणि कापडात बांधून सायकलीवरून फेल्टहाउस बाईंकडे पोचवला. फेन्ना वरच्या वर्गात गेली. हिस्केचा एक केक वाचला. बाईंना न मागता एक मिळाला. डौवेचे दोन केक बुडाले, आणि गावात कुणी पाण्याची पातळी विचारली की आता तो आकडा सांगतो, अडतीस वर्षांचं काही सांगत नाही.