फेस्टिवलचं पंधरावं

डीन हाल्वरसन यांनी खुर्ची पुढे ओढून प्राध्यापक नेरेइडा ओल्मेदोला बसायला सांगितलं, तेव्हाच तिने ओळखलं. चांगली बातमी हा गृहस्थ उभ्याउभ्या सांगत असे. बसवून सांगायचं म्हणजे काहीतरी बंद पडणार. झालंही तसंच. विद्यापीठाचा लॅटिनो चित्रपट महोत्सव तिने हट्टाने सुरू केला होता आणि त्याहून मोठ्या हट्टाने चालवला होता. तो आता गुंडाळायचं घाटत होतं.

"तुमच्या कष्टांबद्दल प्रश्नच नाही," डीन म्हणाले. "पण समाजावर परिणाम कुठे दिसतो?"

परिणाम खरंच दिसत नव्हता. सफरचंदांच्या त्या खोऱ्यात निम्मी वस्ती मेक्सिकोहून आलेल्यांची. बागा त्यांच्या जिवावर चालत, फळं निवडून खोक्यांत भरायचे कारखाने त्यांच्या बायकांच्या जिवावर. पण महोत्सवाला येऊन बसत ते इतर प्राध्यापक, आणि मागच्या रांगेत हीटरच्या उबेला डुलकी काढणारे एक निवृत्त ग्रंथपाल. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती मंडळी टेकडी चढून विद्यापीठात पाऊल टाकत नसत. यंदा तर नेरेइडाने त्या कारखान्यांतल्या बायकांवर, जुन्या फिती जमवून, स्वतः माहितीपट केला होता. तो त्यांनीच पाहिला नाही तर मी केला कशाला, हा विचार तिचं डोकं पोखरत होता. डीन या खेपेला जातीने हजर राहणार होते. सभागृह भरलं तर ठीक, नाहीतर महोत्सवाला नारळ.

त्या रविवारी ती तोंड पाडून कुका मावशीकडे जेवायला गेली. मावशीची सगळी उमर सफरचंदं निवडण्यात गेली होती, आणि खोऱ्यातलं एकही बारसं किंवा लग्न तिच्या सल्ल्याशिवाय पार पडत नसे. पोसोलेच्या, म्हणजे मक्याच्या रश्श्याच्या, पातेल्यात डाव फिरवत तिने भाचीचं रडगाणं शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्रिकेवर मानकरी कोण कोण आहेत?" तिने विचारलं.

"मावशी, सिनेमा आहे तो. सिनेमाला कसले मानकरी?"

"मग लोक येतील कशाला?"

बोलणं उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. तिथली रीतच तशी. मुलगी पंधरा वर्षांची झाली की मोठं कार्य करायचं, पण त्याचा भार एकट्या आईबापांवर टाकायचा नाही. कोणी केकचा मानकरी, कोणी वाजंत्रीचा, कोणी फुलांचा, तर कोणी नुसता केक कापायच्या सुरीचा. ज्याने मान घेतला तो खर्च करतो आणि कार्याला अख्खं खानदान घेऊन येतो. माइकवरून आपलं नाव पुकारलं जाणार आणि ते ऐकायला आपलीच माणसं नाहीत, असं कसं चालेल?

मग मावशीने महोत्सव किती जुना ते विचारलं. यंदा पंधरावं वर्ष, असं नेरेइडा म्हणताच मावशीने डाव खाली ठेवला.

"पंधरावं? आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

त्यानंतर गाडी नेरेइडाच्या हातून सुटली. मावशीने आठवडाभर फोन खाली ठेवला नाही. पडद्याचा मानकरी मिळाला, प्रोजेक्टरचा मिळाला. लाह्यांच्या मानावरून दोन जावांत तंटा झाला, तेव्हा एकीला लाह्या आणि दुसरीला लाह्यांवरचं तिखट देऊन मावशीने तो मिटवला. केक, फुलं, वाजंत्री हे मान महोत्सवाला नकोत असं नेरेइडा सांगत राहिली. पण ज्यांनी ते हौसेने मागितले त्यांना नाही म्हणायची मावशीची छाती नव्हती. एका बाईने तर खड्यांच्या मुकुटाचा मान घेतला. मुकुट कोणाच्या डोक्यावर ठेवायचा, हे तिने विचारलं नाही आणि मावशीनेही सांगितलं नाही.

भित्तिपत्रक मावशीच्या ओळखीतल्या छपाईवाल्याने फुकट छापलं. त्याच्याकडे अशा कार्यांचा एकच साचा होता: गुलाबी जमीन, सोनेरी वेलबुट्टी, वर मुकुट. त्यात मानकऱ्यांची नावं इतकी झाली की सिनेमाचं नाव तळाशी मुंग्यांच्या रांगेसारखं उरलं. नेरेइडाने ते पाहिलं तेव्हा खोऱ्यातल्या प्रत्येक भाकरीच्या दुकानात आणि चर्चच्या दारावर ते लागून चुकलं होतं.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. भरलं म्हणजे काय, ओसंडलं. बायका टाचेपर्यंतच्या चमचमत्या झग्यांत, पुरुष धुवून-पुसून चकचकीत केलेल्या बुटांत आणि ठेवणीतल्या टोप्यांत. केक पाच मजली होता, तो दारातून आडवा करूनही येईना, शेवटी दोन मजले उतरवून आत घेतला. तुतारीवाले, ढोलवाले आणि माणसाहून मोठं पितळी वाद्य गळ्यात घातलेला एक घामाघूम गडी व्यासपीठावर जागा शोधू लागले. आणि जो तो हातातलं रंगीत कागदात बांधलेलं आहेराचं खोकं सावरत एकच विचारत होता, मुलगी कुठाय?

नेरेइडा गर्दीत मावशीला शोधू लागली. तेवढ्यात डीन आले. करड्या कोटावर दारातल्या एका आजीने त्यांना गुलाबी फीत टोचली आणि गालावर मुका दिला. ते पहिल्या रांगेत ताठ बसले आणि इकडे-तिकडे बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

नेरेइडाने मावशीला पडद्याआड ओढलं आणि मुलगीबिलगी नाही हे आत्ताच्या आत्ता जाहीर कर म्हणून बजावलं. मावशी म्हणाली, एवढ्या लोकांनी आहेर आणलेत, त्यांना हे सांगायला मी वेडी आहे का, तूच सांग. मग नेरेइडा माइकपाशी गेली. व्यासपीठावर चांगले कपडे घातलेली ती एकटीच बाई. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तिने तोंड उघडलं, आणि वाजंत्रीवाल्यांनी त्यांच्या सवयीने संथ नाचाचं वाजवायला सुरुवात केली.

मुकुटाची मानकरीण वाटच बघत होती. ती तरातरा वर आली आणि तिने मुकुट नेरेइडाच्या डोक्यावर ठेवला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या प्राध्यापिकेने तो काढायला हात वर नेला, तो मावशीने धरला.

"राहू दे गं," ती हळूच म्हणाली. "तुझं राहूनच गेलं होतं. त्या वर्षी आपण सगळे चेरी तोडायला गेलो होतो."

नेरेइडाला रडू कोसळलं. ते वर्ष, ते तंबू, आणि वाढदिवसाला आईने भाकरीवर लावून दिलेली मेणबत्ती हे सगळं तिला आठवलं. मावशीला आठवत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. लोकांना वाटलं, मुलगी भावुक झाली. दोन-चार जणी लगेच डोळे पुसू लागल्या.

आता पहिला नाच बापाबरोबर. बाप नव्हता. सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेतल्या फीत लावलेल्या वयस्कर गृहस्थांकडे वळल्या. डीनना वाटलं उद्घाटनाची हीच पद्धत असावी. ते उठले, कोटाची गुंडी लावली आणि वर आले. नाच त्यांना येत नव्हता. प्रत्येक गिरकीला ते नेरेइडाच्या पायावर पाय देत होते आणि क्षमा मागत होते. खालून लोक टाळ्यांवर ताल धरून त्यांना धीर देत होते.

मग मानकऱ्यांची नावं सुरू झाली. प्रत्येक नावाला टाळ्या, मिठ्या, फोटो. लाह्या संपल्या, केकला सुरी लागली, लोक खुर्च्या बाजूला सारून नाचू लागले. नेरेइडाचा जीव टांगणीला लागला. सभागृह भरलं होतं, पण सिनेमाची आठवण कोणालाच नव्हती. ती मावशीच्या मागे लागली. मावशीने क्षणभर विचार केला आणि माइक हातात घेतला. पंधराव्याला मुलीच्या लहानपणाचा व्हिडिओ दाखवतातच, तो आता बघा, असं तिने सांगून टाकलं. दिवे गेले.

झबल्यातलं बाळ दिसेल म्हणून सगळे कौतुकाने बघायला बसले. पडद्यावर सरकणारा पट्टा आला, त्यावर घरंगळणारी सफरचंदं, आणि दोन्ही बाजूंना केसांना जाळी बांधलेल्या तरुण बायका. मग अंधारात कोणीतरी म्हणालं, "ती माझी आई आहे."

मग काय, कोणाची आई, कोणाची आत्या, कोणाची थोरली बहीण. थांबवा, मागे घ्या, पुन्हा दाखवा. मोठं पितळी वाद्य मांडीवर घेऊन तो गडी हमसून रडत होता. "मी एवढी बारीक होते?" असं कुका मावशीने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं, आणि लोक रडता-रडता हसले. घटकाभराचा माहितीपट संपायला दिवस कलला.

दिवे लागले तेव्हा डीनच्या कोटावर केकचं क्रीम होतं आणि दोन्ही गालांवर बायकांच्या ओठांची लाली. परिणाम दिसला, असं त्यांनी नेरेइडाला सांगितलं. महोत्सव चालू राहील. फक्त पुढच्या वर्षीही अगदी असंच झालं पाहिजे.

नेरेइडाने हे मावशीला आपल्या भाषेत सांगितलं. मावशीने नाही म्हणून मान हलवली.

"पंधरावं एकदाच येतं, साहेब. सोळाव्याला काही नसतं. त्यानंतर एकदम लग्न."

हे डीनना सांगताना नेरेइडा लाजेने लाल झाली. डीन मात्र गंभीरपणे विचारात पडले. मग म्हणाले, स्थळच हवं असेल तर आमच्या शेतकी विभागाचं एक सफरचंद प्रदर्शन आहे. वीस वर्षं चाललंय, पण बिचाऱ्याकडे कोणी फिरकत नाही.

"वय जुळतंय," मावशी म्हणाली. "पितं का?"

"थोडी सफरचंदाची दारू असते," डीननी कबूल केलं.

"ते चालतं," मावशी म्हणाली आणि पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "पण आधी मुलाकडच्यांना बघायला बोलवा. आमच्या मुलीला आम्ही असंच कुठे देणार नाही."