जीवखडा आणि साडेतीनशे सीसी

ट्रॅक्सच्या ड्रायव्हरने जीवखडा गाडीत घ्यायला साफ नकार दिला.

"माणसं कितीबी कोंबा, मी काय बोलणार नाय," तो म्हणाला. "पण त्यो दगड नको. समोर माझा देव बसवलाय."

"अरे, माझी बायको हाय ती," हैबतराव म्हणाले.

"म्हणून तर नको, काका."

चंद्रावतीला जाऊन दहावा दिवस होता. अग्नी पेणलाच दिला होता, पण दहावं रोह्याला कुंडलिकेवर करायचं ठरलं होतं. तिचा भाऊ महिपती तिथला. "ताई आमच्या नदीत खेळली, तिचं तिथंच करायचं," असा त्याने हट्टच धरला होता. चितेजवळून उचललेला तो लिंबाएवढा गोल दगड म्हणजे चंद्रावतीचा जीव. पिंडाला कावळा शिवला की तो नदीत सोडायचा. घरात आणायचा नसतो, म्हणून फडक्यात बांधून दारच्या शेवग्याला टांगला होता.

ट्रॅक्स माणसं घेऊन गेली. पुढच्या एस.टी.ने वेळेत पोचणं शक्य नव्हतं. दारात उरली ती मोटरसायकल. काळी, नवी कोरी, साडेतीनशे सीसीची.

गाडी सहा महिन्यांपूर्वी नोंदवलेली होती. नंबर लागला तो नेमका सुतकात. शोरूमचा माणूस पेढे आणि हार घेऊन आला. दारातली माणसं बघून त्याने पेढे परत पिशवीत टाकले, गाडी स्टँडवर लावली आणि किल्ली ओट्यावर ठेवून निघून गेला. हार तेवढा सीटवर राहिला. शेजारच्या एका बाईने तो उचलून चंद्रावतीच्या फोटोला घातला. चांगला मोठा हार होता.

चंद्रावतीला ही गाडी नकोच होती. "पन्नाशी उलटली, आता हत्ती कशाला आणताय? मोपेड बंद पडली तर ढकलत तरी आणता येते," ती म्हणायची. "मी नाय बसायची तुमच्या मागं." ती बसली नाही.

हैबतरावांनी दगडाचं फडकं हँडलला बांधलं. मागच्या सीटला बांधण्याचा त्यांना धीर झाला नाही. पहिल्या किकला गाडी काही बोलली नाही. दुसऱ्या किकला दांडा उलटा उसळून नडगीवर बसला. ते ओट्यावर बसले, नडगी चोळली, परत उठले. बऱ्याच वेळाने गाडी एकदम अशी सुरू झाली की समोरच्या घराच्या खिडक्यांची तावदानं थरथरली आणि कोणाची तरी शेळी दावं तोडून पळाली. आता वाटेत काही झालं तरी ही बंद करायची नाही, हे हैबतरावांनी तिथेच ठरवलं.

वडखळपर्यंत ते नुसते गाडीला धरून होते. गाडी त्यांना नेत होती. नागोठणं मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. त्यांनी घाबरत मूठ पिळली. गाडी पुढे झेपावली, आणि छातीवर बसलेलं काहीतरी वाऱ्याने उचलून मागे फेकल्यासारखं झालं. त्यांनी एक ट्रक मागे टाकला. मग दुसरा. चंद्रावती गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना भूक लागल्यासारखी वाटली. आपण शीळ वाजवतोय हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा कोलाड जवळ आलं होतं.

शीळ थांबवून त्यांनी हँडलकडे पाहिलं. गाडीच्या हादऱ्यांनी गाठ सुटली होती. फडकं वाऱ्यावर फडफडत होतं. दगड नव्हता.

ते वळून मागे आले. रस्त्याचं काम चाललं होतं. डांबराची पिंपं धुमसत होती आणि कडेने, नजर जाईल तिथवर, खडीचे ढीग पडले होते.

हैबतरावांनी गाडी चालूच ठेवून स्टँडवर लावली आणि ते गुडघ्यांवर बसून ढीग चिवडू लागले. कामावरच्या बायका बघायला लागल्या. त्यांच्यातली जनी म्हणून एक बाई पुढे आली.

"काय सांडलं, दादा?"

"दगड."

जनीने ढिगाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "दगड?"

"गोल होता. लिंबाएवढा."

बायका हसायला लागल्या. एकीने खडीचा तुकडा वर धरला. "ह्यो बघा!" दुसरी म्हणाली, "नाय गो, ह्यो असंल, ह्याच्यावर नाव हाय!" तेवढ्यात मुकादम धावत आला. एवढी मोठी गाडी, वर हातात खडी घेऊन बघणारा माणूस. त्याने सरळ हात जोडले. "साहेब, खडी बरोबर मापाची हाय. खालचा ढीग तेवढा बघू नका."

"बायको हाय हो माझी," हैबतराव म्हणाले. "दहावा हाय आज तिचा."

हसणं थांबलं. जनीने पदर खोचला आणि सगळ्या बायका खाली बसल्या. मुकादमही बसला. ऊन चढलं, गाडी एका जागी धडधडत राहिली, आणि सगळे एक दगड दगडांत शोधत राहिले. शेवटी जनीने एक तुकडा उचलून हैबतरावांच्या हातावर ठेवला.

"ह्यो न्या. तिकडं माणसं खोळंबली असतील. जास्त वेळ लावलात तर तीच म्हणंल, एवढासा दगड धड आणता आला नाय."

चंद्रावती अगदी हेच म्हणाली असती. हैबतरावांनी तो दगड फडक्यात बांधला.

रोह्याला नदीच्या घाटावर भटजी उन्हात उभे होते. त्यांनी दगड उलटासुलटा करून पाहिला. "हा फुटलाय."

"गाडीवर आपटला."

"आणि हे डांबर?"

"रस्त्यातलं."

भटजींना दुपारी अजून एका घरी जायचं होतं. त्यांनी जास्त चौकशी केली नाही. विधी झाले, पिंड मांडले, सगळे मागे सरले. समोरच्या झाडावर कावळे भरपूर होते. एकही हलला नाही.

बराच वेळ गेला. महिपती कुजबुजला, "काहीतरी इच्छा राहिली असणार." आणि तो पुढे झाला. "ताई, मागल्या दारचा आंबा तुला हवा होता ना? दिला. तुझ्या नमिताच्या नावानं दिला."

कावळे बसून राहिले.

धाकटी बहीण शकू डोळे पुसत पुढे आली. "ताई, तुझा तांब्याचा हंडा माझ्याकडं राहिला. उद्याच्या उद्या पोचता करते."

एका कावळ्याने मान फिरवली, ती दुसरीकडे.

"भावोजी, तुमची गाडी," महिपती म्हणाला. "तिला नको होती. विकतो म्हणा."

"विकतो," हैबतराव म्हणाले. त्यांनी एका दमात म्हटलं.

काही झालं नाही. मग नमिता पुढे आली. लग्न होऊन ती लांब गेलेली. आईच्या शेवटच्या दुखण्यात तिला यायला उशीर झाला होता. ती ओल्या वाळूत बसली आणि हात जोडून म्हणाली, "आई, माझ्यावर रागावलीस का गं? रागावलीस तर बरोबर हाय. पण अशी नको जाऊ."

तेवढं मात्र हैबतरावांना ऐकवलं नाही.

"नमे, ऊठ. आई तुझ्यावर नाय रागवली. तो दगड तिचा नाय. तिचा माझ्या हातनं वाटेत पडला. हा कोलाडच्या रस्त्याच्या कामावरच्या खडीतला हाय."

शकू म्हणाली, "म्हंजे मगासपासून आम्ही खडीशी बोलत होतो?"

"गाडी वाचवायला सांगताय हे, भावोजी!" महिपती ओरडला.

"गाडी विकतो म्हणालो ना मी!"

"मग दगड तिचा नाय तर मी आंबा कुणाला दिला? मुकादमाला? नाय दिला. परत घेतला."

"माझा हंडा पण राहू दे मग," शकू म्हणाली. "माझ्याच लग्नातला हाय तो. उगाच बोलून बसले."

"तुझ्या लग्नातला?" महिपती म्हणाला. "शके, आपल्या आईचा हंडा होता तो!"

दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते, तेवढ्यात भटजी किंचाळले, "शिवला! शिवला!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. कावळा पिंडावर उभा राहून निवांत खात होता. दुसराही उतरला.

महिपतीने दोन्ही कावळ्यांकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "मी परत घेतल्यावर शिवला. बघितलंत ना सगळ्यांनी? तिला आंबा नकोच होता."

"हंडा तरी काय करायचा होता तिला," शकू म्हणाली. दोघांची मनं लगेच जुळली.

हैबतरावांनी आपला शब्द मागे घेतला नव्हता. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं. घाटावर उभ्या असलेल्या त्या काळ्या गाडीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि दगड मुठीत घेऊन ते पाण्यात उतरले.

कमरेपर्यंत पाण्यात जाऊन त्यांनी मूठ उघडली. दगड पडला नाही. उन्हाने डांबर पातळ झालं होतं, दगड तळहाताला घट्ट बसला होता. त्यांनी हात झटकला. गार पाण्यात डांबर अजूनच आवळलं.

"भावोजी, सोडा आता!" काठावरून महिपतीचा आवाज आला. "धरून ठेवू नका तिला!"

"सोडतोय!"

"किती जीव होता बघा," शकू हुंदके देत म्हणाली.

"अरे, चिकटलाय!"

ते कोणाला ऐकू गेलं नाही. काठावरच्या सगळ्या बायका रडायला लागल्या. एकटी नमिता साडी वर खोचून पाण्यात आली. तिच्या हातात भटजींची तेलाची बाटली होती. तिने वडिलांचा हात धरला, तेल ओतलं आणि अंगठ्याने दगडाच्या कडेकडेने चोळायला लागली. लहानपणी तिच्या पायातला काटा काढताना चंद्रावती तिला म्हणायची तसं ती म्हणाली, "हलू नका."

हैबतराव हलले नाहीत. डांबर हळूहळू सुटत होतं. नमिता मध्येच थांबून नाक पुसत होती, आणि डांबर तिच्या नाकाला लागत होतं. दगड एका बाजूने उचलला, तिरका झाला आणि गुपचूप पाण्यात गेला.

"सुटला का?" काठावरून महिपतीने विचारलं.

"सुटला," नमिता म्हणाली.

हैबतरावांनी हात पाण्याखाली तसाच उघडा धरून ठेवला होता.