मडमसाहेबांची पूजा आणि पाडाव

श्री. प्रथम नमन गंजास, जो बोलावल्यावाचून येतो आणि जेवल्यावाचून जात नाही. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर. नाव शुभ, करणी उलटी. ते साली या राज्यात जे घडले ते यथास्थित लिहितो. पदरचे घालणे आमचे हाडी नाही. कोठे घातले असेल तर ते शोभेपुरते समजावे.

राजश्री चिंतोपंत या राज्याचे धनी. राज्य म्हणजे एक घर, पुढे पत्र्याची पागा आणि पागेत तीर्थरूपांनी घेतलेली विलायती मोटार. पंतांनी तीस मडमसाहेब ऐसी पदवी दिली होती. तत्पूर्वी तरुणपणी पंतांपाशी विलायती फटफटीही होती, आणि तिचा गंज ऐसा की एकदा घाट चढता चढता मडगार्ड, भोंगा, मग धुराची नळी ऐसे सरदार एकेक करून फितूर होऊन वाटेतच उतरले, आणि पंत माथ्यावर दाखल झाले तेव्हा हाती हँडल आणि बुडाखाली एक चाक इतकेच उरले, तरी इंजिन चालूच होते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मग फटफटी गेली आणि सारी माया मडमसाहेबांवर जडली. यांची प्रकृती मोठी नाजूक. पाऊस पलीकडचे डोंगरावर पडावा आणि यांस इकडे गंज चढावा. पोटातून तेल अखंड ठिबके, सबब पंतांचे कुटुंब द्वारकाबाईसाहेब यांची माहेरची पितळी परात खाली मांडिली होती, ती कायमचीच. बाईसाहेब लग्न होऊन याच मोटारीतून आल्या, आणि वाटेत तळाचा पत्रा सुटोन शालूचा काठ रस्ता झाडीत आला, ते त्या विसरल्या नाहीत. म्हणत, "सवत आणली असती तर निदान पोळ्या तरी लाटल्या असत्या." पंत म्हणत, "हळू बोल, तिच्या कानावर जाईल."

दर दसऱ्यास थोर पूजा होई. मडमसाहेबांचे सांगाड्यावर विलायतेत ठोकलेला नंबर होता. पंत त्यासच त्यांचे जन्मनाव मानीत. त्या जागी पाण्याने स्नान, मग पंचामृत, मग ओली हळद आणि ओले कुंकू, आणि ते पुसणे अशुभ म्हणोन तसेच राही. बाईसाहेब म्हणत, "अहो, पुसा तरी! लोखंड आहे ते." पंत म्हणत, "देवीचं कुंकू कोणी पुसतं का?" मग बाबालाल मिस्त्री येऊन त्यावरच रंगाचा हात फिरवी आणि म्हणे, "पंत, असा रंग मारलाय की गंजाला आत शिरायला वाट नाही." आणि खरेच वाट नव्हती. गंज आतच होता. त्यास बाहेर यावयास वाट नव्हती.

ऐसे असता हुजुरातून फर्मान आले की जुन्या मोटारींनी कचेरीपुढे हजर व्हावे. तपासणीस उतरेल ती जगेल, न उतरेल तिचा भंगारात कडेलोट. पंतांचे अन्न तुटले. म्हणों लागले, "तिला नेली तर मी बोलू कोणाशी?" बाईसाहेब म्हणाल्या, "मी आहे की!" पंत म्हणाले, "तू उलट बोलतेस."

मग कार्तिकमासी स्वारी निघाली. पुढे पंत सुकाणूवर, मागे बाबालाल ढकलीत, आणि उतारावर मडमसाहेब आपखुशीने चालू जाहल्या. कचेरीत तपासनीस तरुण आणि गोड बोलणारा. दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, आणि म्हणाला, "आजोबा, तब्येत बरी आहे हिची. होईल पास. फक्त चेसिस नंबर दाखवा." पंतांची छाती फुगली. "तोच तर आमचा देव्हारा!" ऐसे बोलोन खरवडू लागले, आणि रंग निघाला, आणि रंगाखाली कुंकू, आणि कुंकवाखाली मागील सालचा रंग, मग त्याखाली त्याही मागील कुंकू, ऐसे दसरे मागून दसरे गळोन पडले, आणि शेवटी पंतांचे बोट आरपार जाऊन पलीकडे उजेडात निघाले.

"नंबर कुठंय?"

"इथंच होता. मी पूजा करत आलोय त्याची."

"कागदावर नंबर आहे, आजोबा, गाडीवर नाही. ही तीच गाडी कशावरून?"

"अहो, मी ओळखतो ना तिला!"

तपासनीसाने मान खाली घातली आणि शिक्का बाजूस ठेविला. बाबालाल म्हणाला, "पण रंग बघा साहेब, इतका खरवडला तरी कडेचा हलला नाही." मग क्रेन आली आणि मडमसाहेबांस कमरेत धरोन उचलिले, आणि पंत पायी घरी आले.

पुढील दसऱ्यास पंत सवयीने ताम्हण घेऊन पागेत गेले, आणि पाणी कोठे घालावे ते कळेना, तैसेच उभे राहिले. मध्ये ती परात मात्र होती, काळी पडलेली. बाईसाहेब दारातून म्हणाल्या, "हिच्यावर घाला."

"आणि गंजली तर?"

"पितळ आहे ते. गंजत नाही. म्हणून तर इतकी वर्षं तुम्हांला दिसली नाही."

पंत खाली बसले. परातीवर पाणी घातले, हळदकुंकू वाहिले, आणि मग खांद्यावरचे उपरणे काढोन, जन्मात प्रथमच, कोरडे पुसले. बाईसाहेब आत निघोन गेल्या होत्या.

येणेप्रमाणे मडमसाहेबांचे राज्य बुडाले. परचक्र आले नाही, फितुरी झाली नाही. माया फार ओली होती, इतकेच. इति.