मोहाला टांगलेले एकेचाळीस मोबाईल

गौतम मास्तरांचा साखरपुडा दोनदा पुढे गेला होता. एकदा मतदारयादीमुळे, एकदा पटपडताळणीमुळे. तिसरी तारीख या शनिवारची. "आता लांबला तर मुलीला दुसरं स्थळ बघू," असं ममताच्या वडिलांनी शांतपणे सांगितलं होतं, आणि ती शांतताच मास्तरांना झोपू देत नव्हती.

मोखाड्याला तालुक्याच्या ऑफिसात साहेबांनी मास्तरांच्या रजेच्या अर्जावर पेन टेकवलं आणि वर पाहिलं.

"तुमच्या पाड्याची आपत्ती-संदेशाची नोंदणी झाली?"

"झाली, साहेब. एकेचाळीस नंबर."

"शुक्रवारी अकराला चाचणीचा संदेश येईल. प्रत्येकाने एक दाबून उत्तर द्यायचं. एकेचाळीसच्या एकेचाळीस आली की सही करतो."

पेन खिशात गेलं. मास्तरांनी एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती कुणी विचारलीच नव्हती. पोशेऱ्यापलीकडच्या त्यांच्या पाड्यावर रेंज फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाला येते. म्हणून सगळ्या पाड्याचे मोबाईल प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून त्या झाडालाच टांगलेले असतात. चार्जिंगपुरते घरी न्यायचे आणि परत टांगायचे.

शुक्रवारी मास्तरांनी सगळ्यांना भाताची आवणी सोडून टेकडीवर यायला लावलं. माणसं अर्ध्या चढावर असतानाच, अकराला दहा कमी असताना, झाड बोंबलायला लागलं. एकेचाळीस मोबाईल एकदम. सगळे धावत सुटले.

"काय आला, वाचा मास्तर!" म्हातारा जिव्या ओरडला.

मास्तरांनी हाताला लागली ती पिशवी ओढली आणि वाचलं, "अर्ध्या तासात विजांसह मुसळधार पाऊस. झाडाखाली थांबू नका. सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर एक दाबा."

ही चाचणी नव्हती. जव्हारच्या बाजूला आभाळ काळंकुट्ट झालं होतं. सगळ्यांनी एकदा संदेशाकडे आणि एकदा वर मोहाकडे पाहिलं.

"दाबू का एक?" भागीने बटणावर बोट ठेवून विचारलं.

"पोचल्यावर दाबायचा सांगलाय," जिव्या म्हणाला. "आमी पोचलो कुठं?"

"मग शाळेत जाऊन दाबू."

"तिथं रेंज कुठं हाय, बाय?"

पाच मिनिटांचं काम होतं. एकेचाळीस बटणं, एक साखरपुडा. मास्तरांचा हात पिशवीकडे गेला, तेवढ्यात समोरच्या डोंगरावर कडाडलं.

"राहू द्या सगळं! शाळेत पळा!" ते ओरडले, आणि पळताना त्यांना अगदी रडू आलं.

मोखाड्याला पडद्यावर आकडा दिसत होता, एकेचाळीसपैकी शून्य. अख्खा पाडा गेला की काय, म्हणून साहेब स्वतः जीप घेऊन भर पावसात आले. पाडा शाळेत खिचडी खात होता.

"एकानेही उत्तर का नाही दिलं?"

"तुमचाच ऐकला, साहेब," जिव्या म्हणाला. "झाडाखाली थांबू नका सांगला, नाय थांबलो."

साहेबांनी मोबाईल काढला. "थांबा, ऑफिसला कळवतो. रेंज कुठे येते?"

सगळ्यांची बोटं खिडकीतून मोहाकडे गेली. तिकडे पुन्हा वीज चमकली. साहेब मुकाट्याने बाकावर बसले आणि त्यांनी खिचडी मागून घेतली.

आता साहेबांचाही पत्ता लागेना, म्हणून ऑफिसने दुसरी जीप पाठवली. ऑफिसात त्या पडद्यासमोर ममताच कामाला बसायची. शून्य पाहिल्यापासून तिला धीर नव्हता. ती जीपमध्ये चढली, आणि मुलीला एकटी कशी सोडायची म्हणून तिचे वडीलही चढले. जीप पाड्याजवळच्या ओढ्यावरून अलीकडे आली आणि मागे फरशी पुलावरून पाणी गेलं. शनिवारी सकाळीही ते उतरलं नव्हतं.

"तारीख तर आजचीच आहे," ममता वडिलांना म्हणाली.

वडिलांनी पाण्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "एकेचाळीस माणसांना विजेखालून यानेच बाहेर काढलं ना? मग आटपून टाका."

साखर भागीच्या डब्यातली. मामाच्या जागी जिव्या. दुसरं काही काम नसल्याने साहेबांनी पुढाकार घेतला आणि दोन वेळा साखर खाल्ली.

सोमवारी मास्तरांचा रजेचा अर्ज परत आला. त्यावर साहेबांच्या हातचा लाल शेरा होता : "साखरपुडा कामाच्या ठिकाणीच उरकल्याने रजेचे कारण उरलेले नाही. नामंजूर."