बेस गिटार आणि वहिनींचं मौन

वहिनींनी मौन धरायचं ठरवलं ते सकाळी दात घासताना. ‘यांचं रेकॉर्डिंग नीट पार पडेपर्यंत एक शब्द बोलणार नाही,’ असं त्यांनी देवाला मनातल्या मनात सांगून टाकलं. तोंडात फेस असल्यामुळे तेव्हा ते फारच सोपं वाटलं.

(व्रतांच्या बाबतीत वहिनींचा हात पहिल्यापासून सढळ. सासऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी त्यांनी चहा सोडला. मग खालच्या शिंपीणबाईंच्या मुलीच्या परीक्षेसाठी चहातली साखर सोडली. मुलगी पास झाली. पण चहाच सुटलेला असताना साखर कशातली सुटली, हे देवालाही कोडंच पडलं असेल.)

आता पाळी यजमानांची होती. यजमान पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क, आणि उरलेल्या वेळात एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. गाणारे भूगोलाचे मास्तर, ड्रम बडवणारे दातांचे डॉक्टर, कीबोर्डवर सलूनचे मालक आणि बेसवर हे. पन्नाशीला टेकल्यावर आता कुठे चौघांचा पहिला अल्बम निघत होता. तिघांचं काम उरकलं होतं, बेस तेवढा राहिला होता. रेकॉर्डिंगवाला म्हणाला होता, “काका, घरीच करा. गिटारची वायर या डबीत, डबीची लॅपटॉपमध्ये. उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा. नाही जमलं तर काळजी नको, मी मशीनवर बेस वाजवून घेतो.”

त्या ‘काळजी नको’ने यजमानांच्या घशाखाली घास उतरेना.

वहिनींना या वाद्याचं भारी कुतूहल. आदल्या दिवशी त्यांनी विचारलंच, “अहो, या गाण्यात तुम्ही नेमके कुठे?”

“खाली.”

“खाली म्हणजे?”

“म्हणजे मी असलो तर कळत नाही. नसलो की लगेच कळतं.”

“देवाचंही असंच असतं,” वहिनी मनापासून म्हणाल्या.

“ऑफिसात मात्र हा नसला तरी कळत नाही,” बाबा, म्हणजे सासरे, पेपरामागून म्हणाले.

“आणि मशीनने वाजवलं तर हो?” वहिनींनी विचारलं.

“तर कोणालाच काही कळणार नाही,” यजमान म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. तो चेहरा वहिनींना सकाळी ब्रश हातात घेईपर्यंत दिसत राहिला. मौन आलं ते त्यातून.

मास्तर स्टुडिओत गात होते तेव्हा यजमान तिथे हजर होते. कोणी शिंकलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून! ते डोक्यात ठेवून त्यांनी घराचा बंदोबस्त केला. भिंतीवरचं घड्याळ रजईत गुंडाळून कपाटात गेलं. गळक्या नळाला दोरा बांधला, म्हणजे थेंब दोऱ्यावरून मुकाट उतरावा. बाबांच्या चपला काढून त्यांना मोजे चढवले.

“श्वास घेतलेला चालेल का रे?” बाबांनी विचारलं.

“घ्या, पण बेताने.”

राहिली फ्रिजची घुरघुर. यजमानांनी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खट्कन बंद केलं. घर असं चिडीचूप झालं की दाराशी आलेला पेपरवाला बेल न वाजवताच परत गेला.

यजमानांनी कानाला हेडफोन लावले आणि वाजवायला सुरुवात केली. वहिनी स्टुलावर बसून टक लावून बघत होत्या. यजमान मान हलवत होते, डोळे मिटत होते, आणि घरात ऐकू काय येत होतं? टुक, टुक, टुक. कोणीतरी लाकडी पेटीवर बोटाने हलकेच वाजवावं तसं. ‘एवढ्याशा टुकटुकीवर अख्खं गाणं उभं राहतं?’ वहिनींना नवल वाटलं. विचारायचे प्रश्न साचत चालले होते, आणि विचारायची सोय नव्हती. दुपारी फ्रिजखालून पाण्याचा ओहोळ निघून बाबांच्या मोज्यांपर्यंत पोचला. बाबांनी तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

शेवटचं गाणं सगळ्यांत छान चाललं होतं. वहिनींना टुकटुकीतलं एव्हाना तेवढं कळायला लागलं होतं. आणि तेवढ्यात त्यांना लॅपटॉपच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र दिसलं. लाल! त्यांच्या मोबाइलवर असंच लाल व्हायचं आणि मग मोबाइल डोळे मिटायचा. चार्जर तर लावलेला होता. वहिनींची नजर वायरीवरून सरकत बोर्डावर गेली. फ्रिज आणि चार्जर, दोघांचं बटण एकच!

बटण दाबावं, तर फ्रिज गाण्यात घुरघुरणार. लिहून दाखवावं, तर घरातलं चालणारं एकमेव पेन यजमानांच्या खिशात, गिटारच्या पट्ट्याखाली. वहिनींनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. यजमान हसून मान डोलावते झाले. (‘बघ कसं छान उमटतंय!’) वहिनींनी चिमटीने ‘एवढीशीच उरलीय’ अशी खूण केली. यजमान लगेच हळू वाजवू लागले. शेवटी वहिनींनी गळ्यावरून बोट फिरवून ‘आता संपलं’ असं दाखवलं. यजमानांचा चेहरा पडला. (‘इतकं वाईट वाजवतोय मी?’)

तो पडलेला चेहरा पाहिला आणि वहिनींचं मौन सुटलं.

“अहो, बॅटरी!”

हेडफोनमुळे ऐकू गेलं नाही. मग त्या सगळी ताकद लावून ओरडल्या, “अहोऽऽ! बॅटरीऽऽ!”

यजमानांनी शेवटचा सूर छेडला आणि तशीच उडी मारून बोर्डाचं बटण दाबलं. फ्रिज घुर्र करून जागा झाला. लॅपटॉप वाचला, गाणं वाचलं. पण वहिनी देवाकडे पाठ करून बसल्या.

“माझा आवाज गेला हो तुमच्या गाण्यात. आणि देवाला काय तोंड दाखवू?”

“देवाला माझं नाव सांग,” यजमान म्हणाले. “मीच बटण बंद केलं होतं.”

“परत वाजवता येईल?”

“आता संध्याकाळ झाली गं. आणि मघासारखं परत जमेल असं वाटत नाही.”

लावून ऐकायचं धाडस दोघांनाही होईना. ‘शेवटच्या गाण्यात घरच्यांचा आवाज आला आहे, क्षमस्व,’ असं लिहून यजमानांनी सगळं पाठवून दिलं. मग तिघे जण फोनभोवती बसून राहिले.

फोन आला. यजमानांनी स्पीकर लावला.

“काका, एक नंबर बेस! मशीनबिशीन काही नको, हाच ठेवतो. पण ते आवाज-बिवाज काय लिहिलंय तुम्ही?”

“अरे, ही ओरडली ना शेवटी.”

“ओरडेनात का! माईक कुठे होता? गिटार वायरीतून सरळ लॅपटॉपमध्ये. वायरला फक्त तारा ऐकू येतात, घर ऐकू येत नाही.”

वहिनींना राहवेना. “मग माझा आवाज गेला कुठे, भाऊ?”

“कुठेच नाही काकू. घरातच राहिला.”

“आणि फ्रिज चालला असता?” यजमानांनी बारीक आवाजात विचारलं.

“फ्रिज, मिक्सर, टीव्ही, सगळं! घरच्यांना गप्प बसायला लागू नये म्हणूनच तर वायर दिली ना तुम्हाला, काका.”

फोन बंद झाला. बाबांनी शांतपणे ओले मोजे काढून मुलासमोर टेबलावर ठेवले.

“सूनबाई,” ते म्हणाले, “दिवसभर या घरात शहाणी होती ती एकटी वायर.”