खड्ड्याची चप्पल

तुम्हाला सांगते, शेलूबाजारात चप्पल विकावी तर मीच! सैफुद्दीन चाचांच्या दुकानात अकरा वर्षं झाली मला. माणूस दुकानाची पायरी चढतानाच मी त्याचा नंबर ओळखते. माप घ्यायची पट्टी आहे दुकानात, पण तिने चाचा पाठ खाजवतात!

त्या दिवशी चाचांना नात्यातल्या निकाहसाठी वाशीमला जायचं होतं. दिवस नेमका बाजाराचा. चाचांचा पाय दुकानातून निघेना.

"साधना, एकटीले जमते ना तुले?"

"चाचा, तुमी बिनधास्त जा! आज एकबी गिऱ्हाईक रिकामं जाऊ देत नाही मी."

दुकानाच्या मागेच त्यांचं घर. दारातून फरहतभाभींनी डोकं काढलं. "जाओ जी, साधना है ना!" चाचा गेले, आणि मी कंबरेला पदर खोचला.

पहिलीच आली ती एक बाई, हातात सुतळीचा तुकडा घेऊन.

"यांच्या पायाची चप्पल द्या."

"यांच्या म्हंजे? कुठं आहेत ते?"

"ते वावरात हायेत. माप आनलं ना मी!" तिने सुतळी माझ्यासमोर ताणली. सुतळीला तीन गाठी. "पहिली गाठ चुकली व्हती, दुसरी पोराची हाये, तिसरी पाहा."

तिसऱ्या गाठीप्रमाणे चप्पल काढली. ती म्हणाली, "एवढी मोठी नसन." दुसरी काढली. "एवढी लहान नसन." अर्ध्या तासाने तिने नवऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, मला चप्पल नको, टॉर्च पाहिजे!

तिच्यामागे एक काका. सहा महिन्यांपूर्वी नेलेली चप्पल परत घेऊन आले. टाच झिजून पापडासारखी झालेली.

"एक डावबी नाही घातली, बाई. पेटीतच व्हती."

"मग हा चिखल कुठला, काका?"

"पेटी वावरात ठेवली व्हती!"

मी ती चप्पल त्यांच्याच हातात परत दिली. मी पाणी प्यायले.

बारा वाजले तशी दुकानासमोर एक जीप थांबली. आत आठ-नऊ माणसं, सगळी कडक इस्त्रीची. त्यातून एक गृहस्थ उतरले आणि मागोमाग त्यांचा मुलगा. गृहस्थांचं नाव शेषराव, मुलगा शिवम. हे सगळं मला पहिल्या मिनिटातच कळलं, कारण शेषरावांना जीपमधले लोक सारखे ओरडून सांगत होते, "शेषराव, आटपा! शिवमचे बूट घ्या अन् चला!"

"वाशीमजवळच्या मालेगावहून आलो, बाई," शेषराव म्हणाले. "आसेगावले पोरगी पाहाले चाललो. आन् या नवरदेवाच्या बुटाचा तळ रस्त्यात निघाला. बाई, लवकर दाखवा."

मी दाखवायला लागले. शेषरावांनी बाकावर बसून आपल्याही चपला काढल्या. "मीबी एखादा जोड पाहून घेतो," असं म्हणत ते अनवाणीच मुलासोबत आत गेले. आमचा मोठा आरसा आत, रॅकच्या पलीकडे आहे. बापलेक तिथे बूट घालून पुढे-मागे चालायला लागले. शिवमला काळे घट्ट होत होते आणि तपकिरी सैल.

तेवढ्यात दुसरे एक गृहस्थ घाईघाईने आत शिरले. यांचं नाव मारोतराव. पाय असे रुंद, की जणू दोन ताटल्याच! आले तेच म्हणाले, "काहीतरी बरं दाखवा, बाई. घरी पाहुणे येऊन राह्यले. बायको म्हनते, या फाटक्या चपला घालून दारात उभे राहू नोका."

मी सात जोड काढले. एक टोचला, एक चावला, एक घसरला. एक तर म्हणे रंगानेच गरम होतो! एव्हाना बाकासमोर चपलांचा असा ढीग झाला होता, की कुठली कुठल्या खोक्यातली हे देवालाच माहीत. आतून शिवम ओरडत होता, "ताई, यातला नऊ नंबर!" बाहेर जीप हॉर्न वाजवत होती. आणि मारोतरावांनी ढिगातून एक तपकिरी जोड उचलून पायात घातला.

त्यांचा चेहरा असा खुलला म्हणता! "वा! हे पाहा! कशी नरम आहे! जशी काही दोन वर्सं घालून राह्यलो!"

"असली चामडं आहे, भाऊ!" मी वर बघायचीही तसदी घेतली नाही.

"धूळ काहून हाये?"

"शोकेसची धूळ आहे." मी फडक्याने पुसली.

"आन् इथं तळव्याजवळ हा खड्डा कायचा?"

आता मला खड्डा माहीत असायचं कारण नव्हतं. पण अकरा वर्षांचा अनुभव बोलतो तो असा! "हवा खेळते त्यातून! नवीन फॅशन निघाली आहे."

किंमत मी अंदाजाने सांगितली, त्यांनी घासाघीस केली, मी बिलावर त्यांचं नाव, गाव, मोबाइल लिहून घेतला, आणि ते तरातरा निघून गेले. जाताना जुन्या चपलांकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या उकिरड्यावर टाका."

पाच मिनिटांनी शेषराव आरशाकडून आले. शिवमचे बूट पसंत पडले होते. शेषरावांनी बाकाखाली बघितलं, बाकावर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, माह्या चपला?"

"कोणत्या?"

"तपकिरी. तळव्याजवळ खड्डा आहे त्याच्यात."

माझ्या पोटातही तेवढाच खड्डा पडला!

"माह्या तळव्याले भोवरी हाये, बाई," शेषराव सांगत होते. "पाय टेकवला का कळ मस्तकात जाते. म्हून चांभाराकडून खास खड्डा पाडून घेतला. भोवरी त्याच्यात बसते."

तुम्ही म्हणाल, त्याच वेळी खरं सांगून टाकायचं. हो, सांगायचंच होतं! पण तोंडातून निघालं ते असं, "अगं बाई! कोणीतरी चुकून घालून गेलं वाटते!"

"चुकून? चोरी म्हना ना!" शेषराव लाल झाले.

मग मी दुकान उलथंपालथं केलं. त्यांना अकरा जोड घातले. प्रत्येक जोडात ते दोन पावलं चालत आणि "आई गं" म्हणून खाली बसत. शिवम हळूच म्हणाला, "बाबा, असे लंगडत गेलात तर ते लोक काय समजतील?"

"लंगडा सासरा समजतील, दुसरं काय!" शेषराव म्हणाले.

शेवटी त्यांची नजर कोपऱ्यातल्या मारोतरावांच्या जुन्या चपलांवर गेली. पाय घालून पाहिले. मापाच्या तर होत्याच, शिवाय तळाला नेमक्या जागी भोक पडलेलं! भोवरी अलगद त्यात बसली. इज्जत गेली तरी चालेल, पण पाय राहिला पाहिजे, असा चेहरा करून शेषराव त्या फाटक्या चपलांत जीपमध्ये चढले.

जीप गेली. मी बाकावर बसले, घाम पुसला आणि सहज बिलबुक बघितलं. मारोतराव, मुक्काम आसेगाव.

आसेगाव! घरी पाहुणे येऊन राह्यले! आणि हे आसेगावलाच पोरगी पाहाले!

"भाभी!" मी अशी किंचाळले की फरहतभाभी हातातल्या लाटण्यासकट धावत आल्या. सगळं ऐकून त्या आधी हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "अरे, किसी की बेटी का रिश्ता है, साधना! फोन लगा!"

लावला. "मारोतराव, मी चपलेच्या दुकानातून बोलते. त्या चपलेचं जरा..."

"वापस करत नाही मी!" तिकडून उत्तर. "पटली मले! पैसे कमी लावले असतीन तं ते तुमी पाहा. ठेवतो, पाहुण्याची जीप आली!"

पुन्हा लावला, तर फोन बंद.

भाभींनी मला दाराबाहेर ढकललं. "दुकान मैं देखती हूँ. तू जा, सच बोल के आ!" मी रुंद पायाचा एक नवा जोड खोक्यात घातला आणि आसेगावकडे जाणाऱ्या जीपमध्ये घुसले. मांडीवर खोकं, बाजूला कोंबड्यांची टोपली. त्या कोंबड्यासुद्धा माझ्याकडे संशयाने बघत होत्या!

तिकडे काय झालं ते मला मारोतरावांच्या मुलीने, निकिताने, नंतर सांगितलं. दोन्ही बाप एकमेकांना प्रथमच भेटत होते. सोयरीक सगळी फोनवरून जमत आलेली. मारोतराव हसतमुखाने फाटकात उभे राहिले. शेषराव जीपमधून उतरले. नमस्कार करायला दोघं वाकले, आणि वाकल्यावर दोघांनाही समोरच्याचे पाय दिसले!

शेषरावांना वाटलं, पोरीचा बाप चपलाचोर आहे. मारोतरावांना वाटलं, पोराचा बाप उकिरड्यावरून चपला उचलून घालतो. पण सोयरे पडले ना! तोंडातून ब्रही नाही. दोघंही अतिशय आदराने "या, या" आणि "बसा, बसा" करत बैठकीत गेले.

मी पोचले तेव्हा पोहे थंड होऊन कडक झाले होते. एका भिंतीला मालेगावचे, दुसऱ्या भिंतीला आसेगावचे, आणि मध्ये अशी शांतता की पंखासुद्धा दबकत फिरत होता.

शेषराव म्हणत होते, "बरं, आमी विचार करून कळवतो."

मारोतराव म्हणत होते, "हव, कळवा. नाही कळवलं तरी चालते."

आतल्या दाराशी निकिता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आपल्यात काय खोट दिसली म्हणून लोक न बोलता उठून चालले, हे बिचारीला कळत नव्हतं. तिचा तो चेहरा बघितला आणि खरं सांगते, माझा सगळा तोरा उतरला.

"थांबा!" मी दारातूनच ओरडले. "हे चोर नाहीत आन् हे भिकारी नाहीत! गाढव मी आहे!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. अनवाणी आत गेलेले शेषराव, ढीग, हॉर्न, नऊ नंबर, शोकेसची धूळ. "हवा खेळते" इथपर्यंत आले तेव्हा मारोतराव ओरडले, "म्हंजे ते भोवरीचं भोक आहे?"

"माह्या भोवरीचं!" शेषरावांनी अभिमानाने सांगितलं.

आणि पहिली हसली ती निकिता. ट्रे खाली ठेवून, तोंडावर ओढणी दाबून हसली. ते बघून शिवम हसला. मग दोन्ही भिंती हसायला लागल्या. मारोतरावांचा मोठा भाऊ तर पोह्याची बशी घेऊन लोळायचाच बाकी होता.

मला वाटलं, सुटले! मी खोकं पुढे केलं. "मारोतराव, हा तुमचा नवा जोड. त्यांची चप्पल त्यांना द्या."

मारोतरावांनी नवा जोड घातला, चार पावलं चालले आणि थांबले. "टोचते. मले तीच पाह्यजे."

"अवो, ती माही हाये!" शेषराव म्हणाले.

"मी पैसे देऊन घेतली! माह्या पायाले जल्मात असं काही बसलं नव्हतं!"

झालं! मघाशी एकमेकांना चोर-भिकारी समजून गप्प बसलेली माणसं आता सगळं कळल्यावर भांडायला लागली. एकाच्या हातात डावी, दुसऱ्याच्या हातात उजवी!

"बाबा!" निकिता पुढे आली. आवाज बारीक, पण धार अशी की दोघंही थांबले. "त्यांची चप्पल त्यांले द्या. तुमाले तशीच करून आनू. चांभार कोन आहे ते..." ती शिवमकडे बघून अडखळली. "ते सांगतीन."

"सांगतो ना!" शिवम पटकन म्हणाला. "नंबर घ्या माझा. म्हंजे, चांभाराचा!"

शेषरावांनी मुलाकडे बघितलं, निकिताकडे बघितलं, आणि उजवी चप्पल मारोतरावांच्या हातातून हळूच काढून घेत म्हणाले, "विचार झाला आमचा. पोरगी पसंत आहे. आमच्या घरात असं बोलनारं कोनीतरी पाह्यजेच व्हतं."

मारोतरावांनी निकिताकडे बघितलं. ती लाजून आत पळाली, ट्रे तिथेच ठेवून. गरम चहा आला, नवे पोहे आले. मलाही मानाने बसवलं. पैसे मी मारोतरावांना परत केले, माझ्या पगारातून. दोन घोट चहा पोटात गेल्यावर मला पुन्हा हुरूप आला.

"मग लग्नाच्या चपला-बूट आमच्याच दुकानातून घ्या बरं का!" मी म्हणाले. "दोन्हीकडच्या सगळ्या पाहुण्यांचे!"

शेषरावांनी आपली चप्पल आधी जवळ ओढून घेतली. "घेऊ, बाई. पन येताना घरूनच अनवाणी येऊ."

पंधरा दिवसांनी पत्रिका आली. खाली नेहमीप्रमाणे छापलं होतं, "कृपया आहेर आणू नये." त्याखाली शेषरावांनी स्वतःच्या हाताने, निळ्या पेनाने लिहिलं होतं, "आन् मांडवाबाहेर काढलेल्या चपला इकू नये."

मी ती पत्रिका लपवली होती हो! पण फरहतभाभींनी शोधून काढली आणि काउंटरच्या काचेखाली लावली. तेव्हापासून गिऱ्हाईक येतं, पत्रिका वाचतं, माझ्याकडे बघतं, आणि नवी चप्पल पायात घालण्याआधी जुनी काढून बगलेत मारतं!