कुणाच्याच बाजूचं नसलेलं भूत

पुतणीचं पत्र येऊन महिना उलटला, तरी काकांनी उत्तर दिलं नव्हतं. ‘माझ्या भुताच्या चित्रपटात काम कराल का? हो की नाही, एवढंच कळवा.’ काका फोन उचलत नाहीत, म्हणून बिचारीने पत्र धाडलं होतं. पण काकांना हो म्हणायचं धाडस होत नव्हतं आणि नाही म्हणायचा संकोच. जन्मभर ग्रंथालयात दबक्या आवाजात बोललेला माणूस तो. शेवटी मौन म्हणजे संमती असं धरून पुतणीच दारात येऊन उभी राहिली.

“चला काका, भूत व्हायचंय.”

“अगं, भूत एक बाई होणार होती ना?”

“शेठ नको म्हणतात.”

शेठ म्हणजे रंगाचे व्यापारी. चित्रपटाला पैसा त्यांचा आणि चित्रीकरण चालायचं ते गोदामही त्यांचंच. मूळ कथेत एक धर्मगुरू प्रार्थना म्हणून घरातलं भूत पळवतो. शेठ म्हणाले, “माझं गिऱ्हाईक सगळ्या धर्मांचं. एकाच्याच गुरूने भूत पळवलं, तर बाकीच्यांनी काय भिंतींना चुना लावायचा?” म्हणून गुरू तीन झाले. मग शेठनी विचारलं, “आणि भूत कुठल्या धर्माचं?” तेव्हा भुताचं नाव गेलं. पाठोपाठ पोशाख गेला. उरलं नुसतं बाईचं भूत. त्यावर शेठाणीबाई कडाडल्या, “दरवेळी बाईच का? जिवंतपणी राबायचं आणि मेल्यावर रात्रपाळी करायची?”

“म्हणून तुम्ही,” पुतणी म्हणाली. “घरातल्या भांडणातसुद्धा तुम्ही कधी कुणाची बाजू घेतली नाहीत. असं भूत शोधून सापडायचं नाही!”

ही स्तुती की निंदा, ते काकांना कळेना. पण या चित्रपटापायी पोरीने चांगली नोकरी सोडली होती. काका निमूट चपला घालून निघाले.

गोदामात शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. तिघे गुरू दारातून येणार, प्रार्थना म्हणणार आणि भूत त्याच दारातून पळणार. संध्याकाळी रंगाच्या डब्यांचा ट्रक येऊन गोदाम भरून जाणार होतं. त्याआधी उरकलं नाही, तर चित्रपट लटकलाच.

“पुढे कोण राहणार?” पांढऱ्या दाढीने विचारलं.

“वयाने मोठा तो मागे शोभतो,” काळी दाढी म्हणाली.

“आमचे लोक मला मागे बघून काय म्हणतील?” बिनदाढीचे गुरू म्हणाले.

“कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही!” शेठनी निवाडा केला. “तिघे एका ओळीत.”

झालं! दार जेमतेम दोन हात रुंद आणि गुरू तिघेही खात्यापित्या घरचे. तिघे एकदमच आत शिरले आणि चौकटीत बुचासारखे बसले. तशाच अवस्थेत त्यांनी प्रार्थना सुरू केली. कुणाची आधी संपू नये म्हणून कुणीच संपवेना.

“पळा काका, पळा!” पुतणी कॅमेऱ्यामागून कुजबुजली.

काका दारापाशी गेले. हळूच खाकरले. “जरा वाट देता का?” कुणी ऐकेना. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. काकांनी पुतणीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. आणि चाळीस वर्षं ग्रंथालयात गिळलेला सगळा आरडाओरडा काकांच्या घशातून एकदम बाहेर पडला.

“बाजूला व्हाऽऽ! तिघेही!”

चौकटीसकट तिघे बाहेर पडले. अंगरखे सावरत पळाले ते ट्रकच्या पलीकडे जाऊनच थांबले. काका दचकून मागे बघू लागले, की ओरडलं कोण?

पुन्हा प्रसंग घ्यायला ना वेळ होता, ना दार. आहे तेच ठेवलं. भूत जिंकलं, म्हणजे आता तिन्हीकडची गिऱ्हाइकं तुटणार, या काळजीने पहिल्या खेळाला शेठ घामाघूम झाले होते. पण खेळ सुटल्यावर लोक छाती काढून बाहेर आले.

“आमचा गुरू सगळ्यात शेवटी पळाला!” एक जण म्हणाला.

“छट्! शेवटी पळाला तो आमचा!”

तिसरा म्हणाला, “आमचा पळालाच नाही, या दोघांनी ओढला.” आणि कोण खरं हे ठरवायला सगळ्यांनी पुन्हा तिकिटं काढली.

दुसऱ्या दिवशी काकांनी पुतणीचं पत्र पुढ्यात घेतलं, चार कागद फाडले आणि पाचवा पाकिटात घालून, मन बदलायच्या आत टपालपेटीत टाकला.

‘चि. मुली, उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. काम करीन. संवाद मात्र थोडे वाढव.’